तांदळातलं नाव

गेल्या रविवारी फोनच्या पडद्यावरून तू मला विचारलंस, "आजी, आई म्हणते तुझी दोन नावं आहेत. मग त्यातलं खरं कुठलं?" मागून तुझा दादा ओरडला, "अगं, पासवर्ड बदलतात तसं असेल!" मी हसले आणि चष्मा शोधायचं निमित्त करून उत्तर टाळलं.

उत्तर येत नव्हतं असं नाही. पण मला उत्तरं लिहून द्यायची सवय आहे. तीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. तोंडी परीक्षेवर माझा कधीच विश्वास नव्हता. तेव्हा हे लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे, कारण हे सगळं मराठीत घडलं. जड जाईल तिथे आईकडून वाचून घ्या. वाचता वाचता ती मध्येच थांबली, तर तिला घाई करू नका.

एक नियम आधीच सांगते. या लिखाणात मी कुणाचंच नाव घालणार नाही. माझं नाही, तुमच्या आईचं नाही, पुढे ज्या राण्या आणि दासी येतील त्यांचंही नाही. ज्या बाईमुळे मला माझी चूक कळली, तिचं नाव कुणी लिहूनच ठेवलेलं नाही. तिच्याकडे जायचं तर आपणही आपली नावं दाराबाहेर ठेवावीत, चपला ठेवतो तशी.

तुमच्या आईबाबांचं लग्न झालं तेव्हा आम्ही सदाशिव पेठेत, याच तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. पुणं तेव्हा नुकतंच झोपेतून उठल्यासारखं वागत होतं. आमच्या गल्लीत टायपिंगच्या क्लासच्या पाट्या उतरल्या आणि त्याच खिळ्यांवर कॉम्प्युटरच्या क्लासच्या पाट्या चढल्या. सकाळी कोपऱ्यावर कंपन्यांच्या बसगाड्या थांबू लागल्या. गळ्यातल्या पट्टीला स्वतःचं नाव आणि फोटो लटकवून मुलंमुली रस्त्याने हिंडू लागली. तुमचे आजोबा गॅलरीतून बघायचे आणि म्हणायचे, "बरं आहे. हरवली तर घरी पोचवता येतील." तुमचे आईबाबाही असेच पट्टीवाले. एका कॉलेजात शिकले, एका कंपनीत लागले, आणि एका रविवारी दोघांनी आमच्यासमोर बसून आम्हाला सांगितलं. आम्हाला आनंदच झाला.

आपल्याकडे लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. तेव्हाच ही पद्धत पुष्कळ घरांतून जायला लागली होती. तुमची आई म्हणाली होती, "आई, तुम्हाला हवं असेल तर करू. माझं काही नाही." मला हवं होतं. नाव मी निवडलं होतं आणि चिठ्ठीवर लिहून तुमच्या बाबाच्या खिशात घातलं होतं. त्याने ते घाईघाईत लिहिलं. फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, परत एकदा लिहा, नीट दिसत नाही." त्याने परत लिहिलं.

ते नाव माझं होतं. माझं माहेरचं. एकोणीस वर्षं मी त्या नावाला ओ दिली होती. मग माझ्या लग्नात असंच एक ताट समोर आलं, त्यातली अक्षरं मी खाली मान घालून वाचली, आणि मनात म्हटलं, ही कोण? आईवडील होते तोवर माझं जुनं नाव त्यांच्या तोंडी राहिलं. ते गेल्यावर ते कुठेच उरलं नाही. या घरात ते पुन्हा ऐकू यावं, कुणीतरी हाक मारावी आणि आतून कुणीतरी "आले" म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. मी ती कुणाला सांगितली नाही. तुमच्या आजोबांना अर्थात ते नाव ओळखू आलं. त्यांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं.

घरात त्या नावाने मी एकटीच हाक मारायची. तुमचा बाबा कॉलेजातल्या नावाला चिकटून राहिला. आजोबांनी सरळ "सूनबाई" सुरू केलं. "सरकार कुठलंही आलं तरी हे चालतं," असं त्यांचं म्हणणं. तुमची आई मात्र माझ्या हाकेला ओ द्यायची. अर्धा क्षण उशिरा, पण द्यायची. तो अर्धा क्षण मला ऐकू येत असे. तो कशाचा, हे मी स्वतःला विचारत नसे.

आता माझी चूक सांगते. मी व्यवस्थित बाई आहे. घरात प्रत्येक कामाला फाइल आणि प्रत्येक फाइलीला चिठ्ठी. लग्नानंतर महिन्याभरात मी रेशनकार्डावर, बँकेच्या पासबुकावर आणि लग्नाच्या नोंदणीतही तुमच्या आईचं नवं नाव घालून घेतलं. नोंदणीचा अर्ज मी भरला, साक्षीदार म्हणून सही मी केली, आणि मी बोट ठेवीन तिथे तुमच्या आईने सह्या केल्या. तिचा पासपोर्ट आणि डिग्री आधीच्या नावाने कपाटात पडून होत्या. त्यांना आणि या कागदांना कधी एकमेकांचं तोंड पाहायची वेळ येईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सहा महिन्यांनी बाबाला कंपनीने अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. तुमच्या आईने नोकरीचा राजीनामा दिला, बॅगा आणल्या, लोकरीचे मोजेसुद्धा आणले. दोघांचे कागद व्हिसासाठी गेले. त्याचे मंजूर झाले आणि तिचे परत आले. कंपनीत ही कामं बघणारा तरुण फोनवर फार नम्रपणे म्हणाला, "मॅडम, पासपोर्टवर एक बाई आहे आणि लग्नाच्या दाखल्यावर दुसरी. सरांचं लग्न नक्की कुणाशी झालंय?"

बाबा एकटाच गेला. मोजे कपाटात गेले.

कोर्टाजवळच्या वकिलांनी दोन वाटा सांगितल्या. एक, पासपोर्ट नव्या नावाने करायचा. पण मग डिग्री, गुणपत्रिका, नोकरीचे दाखले सगळे आधीच्या मुलीचे. परदेशात नोकरी मागायला गेली की ती मुलगी मीच, हे तुमच्या आईने जन्मभर पटवत बसायचं. दुसरी वाट, लग्नाची नोंद दुरुस्त करायची. त्यासाठी ज्याने अर्ज भरला त्याने लिहून द्यायला हवं की हे नाव घरच्या विधीपुरतं होतं, ते कागदावर चुकीने गेलं, आणि मुलीचं नाव आधीचंच आहे. म्हणजे मी लिहून द्यायला हवं.

"पहिली वाटच बरी," मी म्हणाले.

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. तुमच्या आईने खिडकीबाहेर पाहिलं.

पासपोर्टचा नवा अर्ज मीच भरला, सुवाच्य अक्षरात. तिची सही तेवढी राहिली होती. मी आठवण केली की ती म्हणायची, "करते, आई." नाही म्हणून ती कधी म्हणाली नाही. रविवारी सकाळी बाबाचा फोन यायचा. "झालं का?" तो विचारायचा. "होतंय," ती सांगायची. फोन ठेवल्यावर काही वेळ रिसीव्हरवर हात ठेवून उभी राहायची. तिने स्वयंपाक केला, माझ्याबरोबर मंडईत आली, आजोबांना ई-मेल उघडायला शिकवलं. पण पाण्याखालून चालावं तशी ती घरातून चालायची. अर्ज फाइलीत होता. उन्हाळा गेला, गणपती गेले, दिवाळी आली. मला सगळं दिसत होतं. तिला तिकडे जाता येईल की नाही, आणि गेली तर कोण म्हणून जाईल, हे माझ्या एका सहीवर अडलं होतं. आणि मी फाइलीवरची धूळ पुसत होते.

त्या काळात दर गुरुवारी दुपारी इमारतीतल्या पाच-सहा बायका आमच्याकडे जमत. आपल्या दोन महाकाव्यांतल्या गोष्टी मी सांगायची. मोठ्या राण्या संपल्या तेव्हा मी ठरवलं की आता मागच्या रांगेतल्या बायका घ्यायच्या. एखादी ओळ ज्यांच्या वाट्याला आली आणि पुढे गोष्ट ज्यांना विसरून गेली, अशा. प्रत्येकीचं मी एक कार्ड केलं होतं. एका राजाची थोरली लेक होती. त्याने ती मित्राला दत्तक देऊन टाकली, नंतर चार मुलगे झाले, आणि लेक कुणाला आठवली नाही. जंगलातली एक राक्षसीण बायको होती. नवरा मूल झाल्यावर निघून गेला, आणि तिची आठवण झाली ती युद्धाला तिचा मुलगा हवा झाला तेव्हा. एका राणीला सगळे तिच्या देशाच्या नावाने ओळखतात. तिला जन्मल्यावर कानात काय सांगितलं होतं, ते विचारलं तर पोथी गप्प.

आणि एक होती धाकट्या भावाची बायको. नवरा थोरल्या भावामागे वनात गेला, ही चौदा वर्षं राजवाड्यात राहिली. "लोक म्हणतात," मी सांगितलं, "नवऱ्याच्या वाट्याची झोप तिने आपल्याकडे घेतली. तो तिकडे जागा आणि ही इकडे झोपलेली."

समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंची जीभ पुणेरी. त्या म्हणाल्या, "शहाणी होती. जागी राहिली असती तर तीन-तीन सासवांचा चहा तिच्याच गळ्यात पडला असता."

सगळ्या हसल्या. तुमची आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तीही हसली. मी ते कार्ड पालथं घातलं.

पुढच्या गुरुवारी दासीचं कार्ड निघालं. तुम्ही आता मोठे झालात, तेव्हा आडपडदा न ठेवता सांगते. एका राजघराण्याचा वंश बुडायला आला होता. सासूने सुनांना एका तपस्व्याकडे पाठवायचं ठरवलं. थोरली सून एकदा गेली आणि त्याच्या रूपाने इतकी घाबरली की पुन्हा जायची वेळ आली तेव्हा तिने वेगळंच केलं. आपल्या दासीला तिने स्वतःची वस्त्रं नेसवली, स्वतःचे दागिने घातले, आणि आपल्या जागी तिला पाठवलं. दासी घाबरली नाही. तिला जो मुलगा झाला तो त्या सगळ्या दरबारात सर्वांत शहाणा निघाला.

"तिचं नाव काय?" तुमच्या आईने विचारलं. ती एरवी मध्ये बोलत नसे.

"दिलेलं नाही."

"मुलाचं दिलंय?"

"दिलंय की. राणीचं दिलंय, राणीच्या बहिणीचं दिलंय, तपस्व्याचं तर आहेच."

"मग तिला हाक कशी मारत असतील?"

"'ए' म्हणून," समोरच्या काकू म्हणाल्या. "आमच्याकडे अजून तशीच मारतात. काही अडत नाही हो कुणाचं."

पुन्हा हशा झाला. तुमची आई या वेळी हसली नाही. ट्रेमधले कप सरळ करत म्हणाली, "सकाळी दागिने परत द्यावे लागले असतील ना तिला?"

यावर कार्डात काही लिहिलेलं नव्हतं. बायका उठल्या, आपापल्या चपला शोधत गेल्या.

मी दिवाणावर आडवी झाले. खालून बोहारणीची हाक येत होती, जुन्या साड्यांवर भांडी देणाऱ्या बाईची. ती हाक लांब लांब जात राहिली आणि तिच्याबरोबर आमचा जिनाही लांबत गेला. जिन्याचा बोळ झाला, बोळाला खांब फुटले. त्या खांबांमधून एक बाई पाठमोरी चालली होती. अंगावरचे दागिने तिला मोठे होत होते. चालताना ती एका हाताने बाजूबंद वर सरकवत होती. अंगावर शालू होता. जांभळा, हिरव्या काठांचा. तो मी ओळखला, माझ्याच लग्नातला होता. मला वाटलं, ती चुकीच्या दाराकडे निघाली आहे, तिला थांबवायला हवं. मी हाक मारली. तोंडातून जे नाव निघालं ते माझं होतं.

ती अर्धा क्षण थांबली. मग वळली. चेहरा नीट दिसेना. कधी तो तुमच्या आईचा होता, कधी दोन वेण्या घातलेल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीचा. "आले," ती अगदी आज्ञाधारकपणे म्हणाली, आणि तशीच पुढे निघून गेली.

जागी झाले तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. स्वयंपाकघरात तुमची आई खाली बसून मेथी निवडत होती. मी पडल्या पडल्या तिला हाक मारली. तिच्या पहिल्या नावाने, जन्मात पहिल्यांदा.

"काय आई?" ती लगेच म्हणाली.

मध्ये काहीच नव्हतं. तो अर्धा क्षण नव्हता. मग तिच्या लक्षात आलं, आणि मेथीची जुडी तिच्या हातात तशीच राहिली.

राणीने ते दागिने प्रेमानेही घातले असतील. त्या दासीचा शेपटा घातला असेल, मागे सरून पाहिलं असेल, किती छान दिसतेस म्हणाली असेल. आपण हिला केवढं दिलं, असंच तिला वाटलं असेल. पण जायचं होतं राणीला, आणि पाठवली दुसरी. मलाही एक नाव पुन्हा जगवायचं होतं, आणि ते जगायला मी दुसरीच्या मुलीला पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वकिलांकडे गेलो. त्यांनी मजकूर काढला. मी त्यातले दोन स्वल्पविराम दुरुस्त केले. ते म्हणाले, "बाई, 'नजरचुकीने' घालू का? जरा बरं दिसतं."

"नको," मी म्हणाले. "नजर चांगली होती. नुसतं 'माझ्या चुकीने' घाला."

तीस वर्षं हा शब्द मी लाल शाईने दुसऱ्यांच्या वह्यांत लिहिला होता. त्याच्याखाली निळ्या शाईने माझं नाव लिहायला फार वेळ लागला नाही. तुमच्या आईने माझी पिशवी धरली होती. ती तिने घट्ट धरली, एवढं मला दिसलं.

परत येताना आम्ही मंडईत उतरलो. असल्या गोष्टी समोरासमोर बसून सांगता येत नाहीत. वांगी निवडताना येतात. मी वांगी निवडता निवडता तिला सांगितलं की ते नाव कुणाचं होतं.

तिच्या हातातलं वांगं ढिगावर परत गेलं. "आई, आधी सांगितलं असतंत तर मी ते ठेवलं असतं हो."

"म्हणून तर आधी सही केली."

भाजीवाली म्हणाली, "ताई, वांगी घेताय का नुसती कुरवाळताय?" आम्ही घेतली.

नोंद दुरुस्त व्हायला आणखी काही महिने गेले. मग व्हिसा आला. मोजे बाहेर निघाले. तुमची आई स्वतःच्या नावाने निघाली, स्वतःच्या डिग्रीसह, आणि तिकडे काही वर्षांनी तिच्या गळ्यात पुन्हा पट्टी आली. तिच्यावर तेच नाव आहे. तुम्ही रोज पाहता.

आता तुझा प्रश्न. दोन्ही नावं खरी आहेत, बाळ. एका नावाने मी हे घर चालवलं, तुझ्या बाबाला वाढवलं, हजारो वह्या तपासल्या. ते खोटं कसं म्हणू? दुसरं तुझ्या आईला माहीत आहे. तिला विचार. ती सांगेल तेव्हा नीट ऐक.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तिने ताटात तांदूळ पसरले आणि मला बोलावलं. बोटातली अंगठी काढून तिने माझ्या चिमटीत दिली.

"लिहा."

"काय लिहू?"

"तुम्हाला माहीत आहे."

चाळीसएक वर्षांत मी ते नाव स्वतःचं म्हणून लिहिलं नव्हतं. दुसरंच अक्षर बिघडलं. तिने तळहाताने तांदूळ सारखे केले, मी परत लिहिलं. आम्ही दोघी ते बघत बसलो. खिडकीतून ऊन येत होतं आणि प्रत्येक दाण्याची इवलीशी सावली पडली होती. मग तिने ताट उचललं, तांदूळ पातेल्यात ओतले, तीनदा धुतले आणि भात लावला.

ताटभर तांदूळ म्हणजे आठ माणसांचा भात. तुमचे आजोबा पाटावर बसले, पातेल्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "एवढा? कोण येणार आहे जेवायला?"

तुमच्या आईने ते नाव घेतलं आणि माझ्याकडे बोट केलं.

आजोबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा लावला. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "बऱ्याच वर्षांनी आल्या. आधी त्यांना वाढा."